व्हर्नाच्या परसातलं अळू

परत आल्यापासून जो तो विचारतो, "काय काकू, अमेरिका कशी आहे?" मी सांगते, अमेरिका नव्हे हो, ग्रेनाडा. मग पुढचा प्रश्न ठरलेला, "ते कुठे आलं?" जाण्याआधी मलाही ठाऊक नव्हतं, तेव्हा हसण्यात अर्थ नाही. नकाशात दोन अमेरिकांच्या मधे जो समुद्र आहे, त्यात पावट्याचे दाणे सांडावेत तशी बेटं आहेत. त्यातल्या अगदी खालच्या एका दाण्यावर मी तीन महिने राहून आले. आपला रत्नागिरी तालुकासुद्धा त्याहून मोठा असेल. पण त्यांना स्वतःचा पंतप्रधान आहे, स्वतःचा झेंडा आहे, आणि झेंड्यावर चक्क जायफळ आहे.

त्या जायफळामुळेच आम्ही तिथे पोचलो.

निघताना

मृणाल, माझी सून, दापोलीला शेतकी शिकली आणि मग जायफळाची कलमं बांधण्याचं काम करू लागली. जायफळात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. बी लावलं तर सहा-सात वर्षं पाणी घालायचं आणि मग कळायचं की हा नर निघाला, फळ काही देणार नाही. कलमाने ती फसगत टळते. ग्रेनाडात मागे मोठ्या वादळाने जायफळाच्या बागा आडव्या केल्या होत्या, त्या अजून पुरत्या सावरल्या नाहीत. तिथल्या एका बागमालकाला कलमं बांधणारं माणूस हवं होतं. मृणालने अर्ज केला आणि तो मंजूर झाला. माझ्या मुलाला, निनादला, त्याच बागेच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम मिळालं. पहिले तीन महिने बघू, मग दोन वर्षांचं पक्कं, असं ठरलं.

राहिली जुई. माझी नात, साडेचार वर्षांची. हे दोघे सकाळी सातला बाहेर पडणार ते संध्याकाळी पाचला येणार, आणि तिची शाळा सुटणार साडेबाराला. म्हणून मी. पण मलाही तीन महिन्यांवर राहता येणार नव्हतं. तेवढ्यात दुपारचं जुईला सांभाळणारं माणूस शोधायचं होतं.

"आणि नाही मिळालं तर?" मी विचारलं.

मृणाल बॅगेची चेन ओढत होती. वर न बघता म्हणाली, "मग आई, मी आणि जुई तुमच्याबरोबर परत. नोकरी सोडायची."

आमच्या बॅगा वजनात बसल्या, पण खरं ओझं हे होतं.

विमानप्रवासाचं मी काही सांगत नाही. बसायचं, खायचं, पाय सुजवून घ्यायचे. तिथे उतरल्यावर मात्र गंमत झाली. माझ्या बॅगेत विळी होती. खोवणीची, पितळी टोकाची, माझ्या लग्नातली. तिथला अधिकारी तिच्याकडे बघून म्हणाला, हे काय? माझं शिक्षण सातवी. बाकी इंग्रजी वाचनालयातून आणि टीव्हीवरून गोळा केलेलं. कळतं बरंच, पण बोलताना क्रियापद मागे राहतं. म्हणून मी सरळ फरशीवर बसले, विळी पायाखाली धरली आणि नारळ नसतानाच खोवून दाखवला. निनाद म्हणाला, "आई, ऊठ गो, लोक बघताहेत." अधिकारी इतका हसला की त्याने आंबोशी आणि कुळथाच्या पिठाकडे बघितलंही नाही.

घर

गाव समुद्राच्या काठी, आणि आमचं घर गावाच्या वर, चढणीवर. लाकडी घर, खांबांवर उभं. खाली समुद्र, आणि सूर्य आपल्यासारखाच समुद्रात बुडतो, त्यामुळे मला पहिल्या दिवशी परकं असं वाटलंच नाही. माती मात्र काळी. लाल नाही, जांभा चिरा नाही, परसाला दगडांचा गडगा नाही. दोन घरांमधे नुसतं रंगीत पानांच्या झुडपांचं कुंपण. वाटेवर जायफळाची टरफलं पसरलेली असतात, चिखल होऊ नये म्हणून. चालताना कुरकुर आवाज येतो आणि मंद वास. आपल्याकडे बासुंदीत घालायला चिमूटभर किसतो आपण, इथे पायाखाली!

बाकी सगळी ओळखीची माणसं, म्हणजे झाडं. नारळ, केळी, दालचिनी, पेरू. नीरफणस तर दारोदार. आपल्याकडे एखाद्याच्या आगरात एखादं झाड, आणि काप तळायचे तर त्याच्याकडे मागायला जायचं. इथे नीरफणस म्हणजे भात.

घरमालक चाव्या द्यायला आला तेव्हा म्हणाला, "पोरीची काळजी सोडा. शेजारी व्हर्ना आहे. दुपारी पाच पोरं असतात तिच्या व्हरांड्यात. तुमची सहावी."

आम्ही तिघं एकमेकांकडे बघून हसलो. तीन महिन्यांचं काम पहिल्याच दिवशी झालं, असं वाटलं.

अळू

चौथा दिवस असेल. पावाला सगळे कंटाळलो होतो. मी मागच्या दाराशी उभी होते आणि शेजारच्या परसात, नळाचं सांडपाणी जातं तिथे, बघते तर अळू. हे एवढं! छत्रीएवढी पानं. आता आपल्याकडची रीत तुम्हाला सांगायला नको. मोरीच्या पाण्यावरचं अळू कोणी लावत नाही, कोणाचं म्हणत नाही. शेजारीण मागीलदाराने येते, चार पानं कापते, आणि दुपारी वाटीभर अळूचं फदफदं पाठवून देते. विचारत बसलं तर उलट परकेपणा वाटतो.

मी सुरी घेतली, झुडपांतून पलीकडे गेले आणि दहा-बारा पानं देठांसकट कापली. मान वर केली तर खिडकीत एक बाई उभी. साठीची, उंच, डोक्याला निळं फडकं. मी हसले. ओळख व्हायला आणखी काय लागतं? हसले आणि उरलेली दोन पानं कापली.

दुपारी फदफदं केलं. घरून आणलेलं कोकम, गूळ, शेंगदाणे. फार छान झालं. स्टीलच्या डब्यात भरून तिच्या मागच्या पायरीवर गेले, "ओ बाई!" अशी हाक मारली, डबा ठेवला आणि आले.

दुसऱ्या दिवशी डबा आमच्या पुढच्या पायरीवर. लख्ख घासलेला. आणि रिकामा.

रिकामा डबा! आपल्याकडे शेजारचं भांडं परत करताना त्यात निदान चमचाभर साखर घालतात. मला फारच लागलं. मी मृणालला म्हटलं, "बाई घुमी दिसते."

त्या रविवारी मृणाल आणि निनाद व्हर्नाकडे, म्हणजे त्याच बाईकडे, जुईचं विचारायला गेले. पाच मिनिटांत परत. "जागा नाही म्हणाली," निनादने सांगितलं. पुढच्याच आठवड्यात तिच्या व्हरांड्यात मी पोरं मोजली. सहा होती. सहावा कोणीतरी दुसराच होता.

तीन आठवडे

मग शोध सुरू झाला. एका बाईचं घर फार लांब. दुसरीकडे दोन मोठाले कुत्रे, आणि जुई कुत्र्याला बघून माझ्या अंगावर चढते. तिसरी हो म्हणाली आणि मुलीकडे दुसऱ्या बेटावर निघून गेली. मृणाल बागेतून यायची ती बोटांना कलमाची पट्टी चिकटलेली, आणि पहिला प्रश्न, "आई, कोणी सापडलं?" तिची पहिली चाळीस कलमं जगली होती. ती मला फोनवर त्यांचे फोटो दाखवायची, जुईचे बारशातले फोटो दाखवायची ना, तशी. आणि मग फोन पालथा ठेवून द्यायची.

मी रोज जुईला शाळेत सोडायला जायची ती व्हर्नाच्या फाटकावरूनच. ती अंगण झाडत असायची. मी खालच्या मानेने जायची. परक्या गावात बाईमाणसाने खाली बघून जावं, अशी आमची शिकवण. शिवाय रिकामा डबा मी विसरले नव्हते.

बस

एका शनिवारी जुईला घेऊन बाजारात निघाले. तिथली बस म्हणजे आपली वडाप, पण गाणी अशी जोरात की दात हलतात. उतरायचं असलं की टपावर ठोकायचं. मी चढले आणि ड्रायव्हरला विचारलं, "मार्केट?"

कोणी उत्तर देईना. ड्रायव्हर पुढे बघत होता. मी पुन्हा विचारलं, "मार्केट?"

माझ्यामागून जुई चढली आणि खणखणीत म्हणाली, "गुड मॉर्निंग!"

अख्खी बस म्हणाली, "मॉर्निंग!" बारा-तेरा माणसं, एका सुरात, आरतीला म्हणतात तशी. ड्रायव्हरने मान वळवली. "मार्केट, यस, बसा ग्रॅनी."

शेजारी टोपीवाला म्हातारा होता, मांडीवर केळफुलाची पिशवी. तो म्हणाला, "ग्रॅनी, तुमच्या गावात रात्र होत नाही काय?"

"होते की," मी म्हटलं.

"मग सकाळी उठून माणूस दिसलं की काय म्हणता?"

ओळखीचं असलं तर 'काय, चहा झाला?' म्हणतो. नसलं तर काहीच नाही. मी त्याला तसं सांगितलं, जमेल तसं.

"काहीच नाही?" त्याने पिशवी सावरली. "इथे माणूस दिसलं आणि काही बोललं नाही, तर त्याचा अर्थ एकच. तू मला माणसात धरत नाहीस. एवढीशी पोर शिकली, तुम्ही अजून नाही?"

"शाळेत रोज म्हणतो आम्ही," जुई मला म्हणाली. "आजी, तूच म्हणत नाहीस. व्हर्ना आंटीलापण म्हणत नाहीस."

मी बाजारात काय घेतलं ते मला आठवत नाही. डोक्यात तीन आठवडे फिरत होते. रोज सकाळी त्या बाईच्या फाटकावरून, सहा हातांवरून, मान खाली घालून मी गेले होते.

फाटक

सोमवारी सकाळी मी तिच्या पुढच्या फाटकाशी थांबले. "गुड मॉर्निंग, मिस व्हर्ना."

तिने झाडू थांबवला. "गुड मॉर्निंग," ती म्हणाली. आणि झाडायला लागली.

पुढे मला कळलं की सकाळच्या नमस्काराला उत्तर न देणं तिथे शत्रूशीसुद्धा शोभत नाही. तेव्हा त्या उत्तरात माझ्यासाठी खास काही नव्हतं. कित्येक आठवडे आमचं एवढंच बोलणं. मी म्हणायची, ती म्हणायची, झाडू चालू. तिकडे दिवस जात होते. माझ्या परतीला पाच आठवडे राहिले, मग चार.

शेवटी एका सकाळी मी जुईला सोडून आले आणि फाटक न उघडता तिथेच उभी राहिले. इंग्रजी वाक्य रात्रभर घोकलं होतं, ते विसरले. म्हटलं, "मिस व्हर्ना, अळू. लीफ. मी कट. तुला आस्क नाही. माय मिस्टेक."

तिने झाडू भिंतीला टेकवला, कमरेवर हात ठेवले. तिचं बोलणं मी आपल्या भाषेत सांगते.

"मी खिडकीत उभी होते," ती म्हणाली. "तू मला बघितलंस."

"हो."

"बघितलंस आणि हसलीस. आणि परत कापलंस! मी इतकी वर्षं या गावात राहते, इतकी निर्ढावलेली चोर मी पाहिली नव्हती."

मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"आणि मग," तिचा आवाज चढला, "माझीच भाजी शिजवून मला आणून दिलीस! मागच्या दाराने! माझ्या बहिणीला फोन करून सांगितलं मी. ती म्हणाली, व्हर्ना, दार बंद ठेव, ती वेडी आहे."

आता मला हसू यायला लागलं. ओठ दाबले तरी थांबेना. म्हटलं, "आमच्या गावात मागच्या दाराने फक्त जवळचं माणूस येतं. पुढच्या दाराने पाहुणे आणि पोस्टमन." आणि धीर करून पुढचंही बोलले. "पण तू डबा रिकामा दिलास."

"रिकामा? मी तीनदा घासला तो!"

"आमच्याकडे रिकामा देत नाहीत. साखर तरी घालतात."

"चोराला साखर?" व्हर्ना म्हणाली, आणि तीच आधी हसली. ती हसते ती सगळ्या अंगाने. व्हरांड्यातली खुर्ची हलली असं मला वाटलं. मग ते फाटक तिने उघडलं. "आत ये. कोको पिऊन जा."

त्या कोकोबद्दल सांगायला हवं. दुकानातल्या डब्यातला नव्हे. कोकोच्या बियांचे लाडू असतात, ते किसून तमालपत्र, दालचिनी, जायफळ घालून उकळतात. वर तुपासारखा तवंग येतो. आमच्या बाळंतिणीला द्यावं असं पेय. मी दोन कप प्यायले, पण जुईचं विचारायला तोंड उघडलं नाही. फदफदं पोचवून आले तशी घाई पुन्हा करायची नव्हती.

एका भांड्यातलं जेवण

दहा-बारा दिवसांनी तिनेच एका शनिवारी बोलावलं. तिथला एक पदार्थ आहे, ऑइल डाउन. अंगणात तीन दगडांवर मोठं पातेलं. तळाला खारवलेला मासा, वर नीरफणसाचे जाड काप, कच्ची केळी, वर अळूची पानं, आणि सगळ्यावर हळद घातलेलं नारळाचं दूध. हळदीला ती मंडळी केशर म्हणतात, म्हणोत. दूध आटून तळाला तेल सुटलं की झालं. एरवी त्यात डुकराचं मांस घालतात, ते तिने माझ्यासाठी वगळलं.

व्हर्ना उभ्याने किसणीवर नारळ किसत होती. एक नारळ, दोन बोटं सोललेली. मी म्हटलं थांब, आणि घरी जाऊन विळी आणली. अंगणात बसले आणि तिचा एक नारळ होईस्तोवर माझे चार खोवून झाले. पोरं भोवती गोळा झाली. व्हर्ना वाकून बघत राहिली. "ग्रॅनी, हे हत्यार तू इथे ठेवून जा."

"माझ्या लग्नातली आहे," मी म्हटलं.

"नवरा आहे?"

"नाही. नऊ वर्षं झाली."

"माझाही नाही," ती म्हणाली. "पातेलं आहे त्याच्या आईचं." आणि उलथन्याने कडा सोडवल्या.

अळू खाताना माझा घसा खवखवला नाही. कोकम नाही, चिंच नाही, तरी नाही. कसं ते मी विचारलं तर म्हणाली, शिजू द्यावं लागतं, तुला सगळ्यातच घाई. जुई दोनदा वाढून घेऊन जेवली. मांडीवर ताटली, बाकी पोरांच्यात खेटून बसलेली. घरी ती भाताची शितं मोजत बसते.

तेव्हा मी विचारलं. दोन आठवडे राहिलेत, मग मी जाणार, हिचं काय ते.

व्हर्नाने जुईकडे बघितलं. "बसमध्ये ती काय म्हणाली ते मला कळलंय. टोपीवाला माझा चुलतभाऊ." मग ताटल्या गोळा करत म्हणाली, "सोमवारी आण. पण तू यायचं नाहीस. तू असलीस तर ती माझी व्हायची नाही."

सोमवारी मी मागच्या खोलीत बसून राहिले. साडेबाराला वाटेवर टरफलांची कुरकुर ऐकली, शाळेतून पोरं आली. मग जुईचं रडणं. चांगलं जोरात, "आजी पाहिजे" म्हणून. मी दोनदा उठले. दोनदा बसले. अर्ध्या तासाने रडणं थांबलं आणि मला तेही सोसेना. पाचला मृणाल तिला घेऊन आली. डोळे सुजलेले, हात हळदीने पिवळे. "आजी, मी नारळ किसला," म्हणाली, "विळीशिवाय."

मंगळवारी थोडं रडली. गुरुवारी नाही. पुढच्या आठवड्यात मृणालच्या हातात दोन वर्षांचं पत्र पडलं. ते तिने मला वाचायला दिलं आणि मागच्या पायरीवर जाऊन बसली. मी गेले तर म्हणाली, "काही नाही हो आई, कलमाचा चीक गेला डोळ्यात."

मी निघाले त्या दिवशी जुईने गाडीपर्यंत यावं अशी माझी इच्छा होती. ती व्हर्नाच्या अंगणात लंगडी खेळत होती. लंगडी मीच शिकवली होती त्या पोरांना. लांबूनच ओरडली, "बाय आजी!" आणि पाय खाली न टेकता पुढच्या चौकोनात गेली. विळी मी व्हर्नाच्या स्वयंपाकघरात ठेवून आले.

परत

आल्यावर बहिणीकडे मुरुडला गेले. दापोलीच्या एसटीत चढले आणि सवयीने "गुड मॉर्निंग" म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, तिकीट कुठलं?" तेवढंच.

तिकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेचार. मी चहा घेऊन बसते आणि रविवारी मृणाल फोन लावते, चेहरे दिसतात तो. परवा लावला तर ती कुजबुजत होती. "आई, आवाज करू नका. बघा." आणि तिने फोन मागच्या दाराकडे वळवला.

निघण्याआधी मी तिथे एका खोक्यात धणे पेरले होते. कोथिंबीर चांगली वीतभर झाली होती. त्या खोक्यावर निळं फडकं बांधलेली व्हर्ना वाकली होती, आणि जुडीच्या जुडी खुडत होती. घरात कोणाला हाक मारली नव्हती. कोणाला विचारलं नव्हतं.

तिने मान वर केली. फोनमधे मी तिला दिसले असणार. मी "गुड मॉर्निंग" म्हणायला तोंड उघडलं.

ती एक अक्षर बोलली नाही. नुसती हसली, आणि खुडत राहिली.